मंदी चालते, मग मुटके का नाही?

माझा भाचा कतारची नोकरी सोडून आलाय आणि पुण्यात कोंढव्याला हॉटेल काढतोय. गेल्या महिन्यात त्यानं मला व्हॉट्सॲपवर मेनूकार्ड पाठवलं. सोबत निरोप, "खाला, तू मराठी पण शिकवतेस, उर्दू पण. शुद्धलेखन बघून दे." सहा पानं होती. मुघलई, तंदूर, चायनीज, बिर्याणी, अरेबियन मंदी आणि पाचव्या पानावर ठळक अक्षरात "मालवणी सी-फूड स्पेशल". त्याखाली सुरमई थाळी, बांगडा फ्राय, कोळंबी मसाला, सोलकढी.

शुद्धलेखन मी बघितलं. 'कोंळबी'ची कोळंबी केली. उर्दूत छापणाऱ्यानं दालच्या जागी डाल टाकून मंदीची मंडी करून ठेवली होती, म्हणजे गिऱ्हाईक भाजीबाजार शोधत आत आलं असतं. ते दुरुस्त केलं. पण पाचव्या पानावर माझा लाल पेन अडला तो अडलाच. कारण तिथली चूक वेलांटीची नव्हती.

आम्ही मालवणचे नाही. माझं आणि माझ्या थोरल्या बहिणीचं माहेर दापोली तालुक्यातलं, दाभोळच्या खाडीच्या बाजूचं. दापोलीहून मालवण गाठायचं तर गुहागर, रत्नागिरी, राजापूर, देवगड असं सगळं कोकण ओलांडून खाली जावं लागतं. मधे किती खाड्या, किती बोली, किती वाटपं बदलतात! ज्या मुलानं आजोळी सुट्ट्या काढल्या, माझ्या अम्माच्या हातचं खाल्लं, तो स्वतःच्या हॉटेलात स्वतःच्या आजीच्या कालवणाला मालवणी म्हणतो. मी फोन केला. तो म्हणाला, "खाला, मासे म्हटले की लोक मालवणी शोधतात. दुसरं नाव कोणाला माहीत आहे?"

हा प्रश्न खरा आहे, म्हणून या लेखाचा खटाटोप.

आधी मालवणी माणसांबद्दल, कारण माझं भांडण त्यांच्याशी नाही. त्यांनी आपलं नाव मिळवलंय. गिरणगावात कोकणातला कामगार आला तेव्हा त्याला जेवू घालणाऱ्या खाणावळी आल्या. 1980 साली मच्छिंद्र कांबळींचं 'वस्त्रहरण' रंगभूमीवर आलं आणि ज्या बोलीला लोक हसत होते ती ऐकायला तिकीट काढू लागले. पुढच्याच वर्षी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. बोली, नाटक, जिल्हा, मसाला, सगळं एकमेकांच्या हाताला धरून वर आलं. मालवणी माणसाला आपल्या जेवणाची लाज वाटली नाही, ही त्याची कमाई. त्याचं कौतुक करायचं सोडून त्याची पाटी उचलून आपल्या दारावर ठोकायची, हे मात्र मला पटत नाही. आणि आज सोलापूर, लातूर, नागपूर, कुठेही जा, समुद्राचं जे काही ताटात येईल ते मालवणी. कारवारचं असो, वसईचं असो, मुरुडचं असो. कोकणाला सातशेवीस किलोमीटरचा किनारा म्हणतात. पाटी एकच.

आता आमचं काय आहे ते सांगते, नाहीतर वाचणारा म्हणेल ही बाई नुसती तक्रार करते.

मुटके. नाव मुठीवरून. तांदळाच्या पिठाची गरम पाण्यात उकड काढायची, त्यात ओलं खोबरं, जिरं, मीठ, मळून घ्यायचं आणि मुठीत दाबून सोडायचं, बोटांच्या खुणा राहिल्या पाहिजेत. त्या खुणांत रस बसतो. तिकडे चुलीवर तिसऱ्यांचा रस्सा उकळत असतो. तिसऱ्या विळीवर उघडताना आतलं पाणी वाटीत धरायचं, ते सांडलं तर अम्मा एक चापट देत असे, कारण सगळा समुद्र त्या पाण्यात. वाटण हिरवं. ओलं खोबरं, कोथिंबीर, लसूण, हिरवी मिरची, थोडी हळद. मालवणीसारखा भाजलेल्या खड्या मसाल्यांचा काळपट-लाल रंग आमच्या घरात माशाला लागत नसे, तो मटणाला. उकळत्या रश्श्यात मुटके एकेक सोडायचे. ढवळायचं नाही. झाकण ठेवायचं. शिजले की ते आपोआप वर येतात आणि रस्सा त्यांच्याच पिठानं दाटतो. तिसऱ्या नसल्या तर कोळंबी. कोळंबी नसली तर सोडे. सोबत काहीच लागत नाही, भाकरी कालवण एकाच भांड्यात.

आणि आमची सांदणं. देशावरच्या माझ्या मैत्रिणींना सांदण म्हटलं की फणसाचं पिवळं आठवतं. आमचं पांढरं, तांदूळ आंबवून, नारळाचा रस घालून वाफवलेलं, ईदच्या आदल्या रात्री घरभर ज्याचा वास असतो ते. सरंग्याचं नारळाच्या दुधातलं कालवण आणि पांढरं सांदण, हे एकत्र खाल्लेला माणूस बिर्याणीकडे बघतो ते पाहुण्यांसारखं, आदरानं पण लांबून.

यातलं एक अक्षर भाच्याच्या सहा पानांत नव्हतं.

मला राग भाच्याचा आला, पण मुळाशी एक जुनी गोष्ट आहे. चार वर्षांपूर्वी माझी मुलगी सातवीत होती, मराठी माध्यमाच्या शाळेत. शाळेचं नाव घेत नाही, मीही शिक्षिका आहे, शाळांकडून चुका कशा होतात ते आतून जाणते. 'महाराष्ट्राची खाद्यसंस्कृती' असा प्रकल्प होता. वर्गाचे गट पाडले होते. मुलीनं रात्र जागून तक्ता केला. मुटक्यांचं चित्र काढलं, बोटांच्या खुणांसकट. वर लिहिलं, 'दापोलीच्या कोकणी मुसलमानांचे मासे'. दुसऱ्या दिवशी तक्ता गुंडाळलेलाच परत आला. बाई म्हणाल्या होत्या, "बेटा, कोकण दुसऱ्या गटाला दिलंय. तुला मुस्लिम समाज दिला होता ना? बिर्याणी, शीरखुर्मा काढ."

मी गटांची यादी मागवून बघितली. कोकण, पश्चिम महाराष्ट्र, खानदेश, मराठवाडा, विदर्भ आणि मुस्लिम.

मी ती यादी बराच वेळ बघत बसले. भूगोल मी शिकवत नाही, पण महाराष्ट्रात मुस्लिम नावाचा विभाग नकाशावर कुठे येतो, हे कोणीतरी मला दाखवावं. त्याला समुद्र आहे का? पाऊस किती पडतो? तिथे भात पिकतो की ज्वारी? बाई वाईट नव्हत्या. माझ्या मुलीवर त्यांचा जीव होता. त्यांनी प्रेमानंच 'बेटा' म्हटलं आणि प्रेमानंच तिला कोकणातून बाहेर काढलं. कोकणच्या गटातल्या मुलांपैकी एकाचंही गाव कोकणात नव्हतं. त्यांनी पुस्तकातून उकडीचे मोदक आणि सोलकढी उतरवली आणि बक्षीस घेतलं. माझ्या मुलीनं दुसऱ्या तक्त्यावर बिर्याणी काढली. बरी काढली. आमच्या घरी ती महिन्यातून एकदा होते, तीही यूट्यूब बघून.

मला लहानपणापासून विचारलेला प्रश्न आहे, "तुम्ही लोक मासे खाता?" जणू आम्ही कालच घाटावरून उतरलो. कोकण किनाऱ्यावर दालदी नावाचा मुसलमान मच्छीमार समाज आहे, पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकणारा. रत्नागिरीच्या मिरकरवाड्याच्या बंदरात पहाटे उभं राहून बघा, होडीवर कोण आहे, लिलावात कोण आहे. ज्या सुरमईवर मालवणी थाळीचं दुकान चालतं ती सुरमई ओढणाऱ्याचं नाव कोळी असू शकतं, भंडारी, गाबीत असू शकतं आणि दालदीही असू शकतं. जाळ्याला ते कळत नाही. पाटीला मात्र कळतं. मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अंतुले ज्या आंबेतचे, ते गाव सावित्री नदीच्या काठी. तिथल्या माणसाला मासे खाता का विचारणं म्हणजे पंढरपूरकराला आषाढी माहीत आहे का विचारणं.

इथवर वाचून माझे मुसलमान वाचक माना डोलवत असतील. आता जरा आपल्या घरात बघू.

मी पंधरा वर्षं सोलापुरात उर्दू शाळेत मराठी शिकवते. पहिल्या वर्षीची गोष्ट. गावाहून येताना अम्मानं बर्फात घालून तिसऱ्या दिल्या होत्या. मी मुटके करून डब्यात नेले. स्टाफरूममध्ये डबा उघडला. शेजारच्या आपांनी डोकावून विचारलं, हे काय? मी सांगितलं. त्यांनी आपला डबा दोन इंच बाजूला सरकवला. फक्त दोन इंच, पण मला ते अजून मोजता येतात. मग हळूच म्हणाल्या, "आपल्यात हे हलाल नाही ना?"

'आपल्यात' म्हणजे कोणात? दख्खनचे बहुतेक मुसलमान हनफी. कोकणी मुसलमान शाफई. हनफी मसलकात समुद्रातलं जे मासळी या व्याख्येत बसतं तेवढंच हलाल, शिंपल्यातलं, माकूळ वगैरे नाही. कोळंबी मासळी आहे की नाही यावर त्यांच्याच उलेमांत दोन मतं आहेत. शाफई मसलकात समुद्राचं दार बरंच मोठं उघडं आहे. सूरह माइदाची 96वी आयत समुद्राची शिकार जायज ठरवते, तिचा अर्थ दोन्हीकडच्या इमामांनी वेगवेगळा लावला. खेकड्याबद्दल तर आमच्या शाफईंमध्येही एकमत नाही. तो जमिनीवर राहणारा की पाण्यातला, यावर जुन्या किताबांत वाद आहे. आमच्या गावात काही घरांत चिंबोऱ्या शिजत, काही घरांत शिजत नसत आणि कोणी कोणाच्या चुलीत डोकावत नसे. हे सगळं शेकडो वर्षांचं आहे, विद्वानांनी एकमेकांचा आदर ठेवून वाद घातलेले आहेत. आपांना हे माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मुसलमान म्हणजे एकच डबा. मुलीच्या शाळेतल्या बाईंनाही तेच वाटत होतं. एकीनं मला कोकणातून काढलं, दुसरीनं दस्तरखानावरून. दोघींच्या मनातला मुसलमान अगदी सारखा आहे, तो बिर्याणी खातो आणि उर्दू बोलतो.

आणि आम्ही कोकणी? आम्ही काय केलं? आम्ही तो साचा आनंदानं अंगावर घेतला. शहरात आलो, घरातली कोकणी बोली दारातच ठेवली, मुलांशी मोडकं उर्दू बोलू लागलो, कारण ते जास्त मुसलमानी वाटतं. मी उर्दूची शिक्षिका आहे, उर्दूवर माझं प्रेम आहे, तिच्याविरुद्ध माझ्याकडून एक शब्द निघणार नाही. पण ज्या आजीला आयुष्यात उर्दूचं एक वाक्य धड बोलता आलं नाही तिचा ईमान काय कमी होता? लग्नाच्या दावतीत आता आमच्या गावातही बिर्याणी, तंदुरी आणि मंचुरियन असतं. आचारी बाहेरून येतो. माझ्या चुलत भावाच्या लग्नात मी कोळंबीच्या खिचडीचं नाव काढलं तर वहिनी म्हणाली, "लोक काय म्हणतील? मासे काय लग्नात वाढतात?" किनाऱ्यापासून चार किलोमीटरवर ही वहिनी राहते.

भाचा म्हणतो, लोकांना दुसरं नाव माहीत नाही. बरं. मग मंदी कोणाला माहीत होती? हा हद्रमौतचा, म्हणजे येमेनचा पदार्थ. मटण तंदुरात लटकवून त्याचा रस खालच्या भातात उतरवायचा. पुण्यात किती माणसांनी येमेन पाहिलंय? वीस वर्षांपूर्वी मंदी म्हटलं तर माझे वडील म्हणाले असते, हो, आंब्याला यंदा मंदीच आहे. आज चौकाचौकात मंदी आहे, मोठ्या थाळीभोवती पोरं बसून फोटो काढतात. म्हणजे गिऱ्हाइकाला अनोळखी नाव शिकवता येतं. शिकवणाऱ्याला त्या नावाचा अभिमान हवा. आखातात नोकरी केलेल्या आमच्या मुलांना अरबाच्या जेवणाचा अभिमान आहे, आजीच्या नाही. यात धंद्याचं गणित थोडं आणि लाजेचं जास्त आहे, असं मी भाच्याला स्पष्ट सांगितलं. तो गप्प बसला. मावशीसमोर गप्प बसायचं हे संस्कार अजून शिल्लक आहेत, एवढं बरं.

आता एक आक्षेप माझ्यावरही येईल. समुद्रापासून इतक्या लांब खरं कोकणी जेवण मिळणार कसं? मासा शिळा, खोबरं सुकं, पाणी वेगळं. मग पाटीवर मालवणी लिहा नाहीतर दाभोळी, फरक काय पडतो?

फरक पडतो. सोलापुरात मी जुलै महिन्यात "आजची ताजी मालवणी सुरमई" असा फळा पाहिलाय. 1 जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारीची बंदी असते. किनाऱ्यावर जाळी उन्हात नव्हे तर छपराखाली वाळत असतात. ती सुरमई कुठून आली? शीतगृहातून आली, नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून. येऊ दे. भूक लागते, लोक खातात. पण तिला ताजी म्हणू नका, मालवणची तर मुळीच म्हणू नका. आणि 'फिश कोळीवाडा' म्हणून जो पांढरा, काटा नसलेला, चव नसलेला तुकडा येतो तो बासा. तो शेततळ्यातला पंगास, त्यानं समुद्राचं तोंड पाहिलेलं नाही. कोळीवाडा हे नावही गंमतीचं. ही तळणी मुंबईत शीवच्या कोळीवाड्यात फाळणीनंतर आलेल्या पंजाबी निर्वासितांच्या कढईतून निघाली असं सांगतात. मला ते आवडतं. परक्या गावात आलेल्या माणसानं तिथला मासा घेतला, आपलं बेसन आणि ओवा घातला आणि नाव त्या जागेचं दिलं. यात फसवणूक नाही.

म्हणून मी शुद्धतेची भाषा करत नाही. माझा भाऊ कुवेतला असतो. तिथे पापलेटला झुबैदी म्हणतात आणि कुवेती लोक त्याच्यावर जीव टाकतात. भाऊ झुबैदी आणतो आणि बॅगेतून नेलेली आमसुलं घालून अम्माचं कालवण करतो. केप टाऊनला गेल्या शतकापासून कोकणी मुसलमानांची वस्ती आहे, तिकडे मासाच वेगळा. आणि मी? सोलापुरात मला उजनीच्या धरणाचा मासा मिळतो. रोहू, कटला, चिलापी. गोड्या पाण्याचा मासा कोकणी माणसाला मातकट लागतो, पहिलं वर्ष मी नाक मुरडलं. मग हळद-मीठ लावून, थोडं आमसूल जास्त घालून, हिरवं वाटण केलं. घरी आम्ही त्याला 'उजनीचं कालवण' म्हणतो. माझ्या मुलांना ते आवडतं. दापोलीच्या कालवणाची ती सोलापुरी भाची आहे आणि तिला आम्ही तिच्याच नावानं हाक मारतो.

आणि खरं सांगायचं तर समुद्रापासून लांब समुद्राचं जेवण शोधायचं असेल तर हॉटेलात जायचंच कशाला? मंगळवारच्या बाजारात जा. खाली गोणपाटावर सुकट, बोंबील, जवळा घेऊन बाया बसलेल्या असतात. हा माल आज पहिल्यांदा आलेला नाही. मीठ, नारळ आणि सुकी मासळी घाट चढून देशावर येत होती ती रेल्वे यायच्या कितीतरी आधीपासून. आमचं दाभोळ हे आदिलशाहीचं मोठं बंदर. विजापूर सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. ज्या वाटेनं घोडे आणि रेशीम वर गेलं त्याच वाटेच्या कडेनं बोंबीलही गेला असणार, बखरीत त्याचं नाव नसलं तरी. दाभोळला खाडीच्या तोंडाशी सतराव्या शतकातली मशीद उभी आहे. सोलापुरात नवीन आल्यावर मी विजापूरचा गोल घुमट बघायला गेले, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपण फार लांब आलेलो नाही.

पण त्या गोणपाटासमोर कोण उभं असतं बघा. विडी कामगार बाया, बांधकामावरचे मजूर, दलित वस्तीतल्या आज्या, माझ्यासारखी एखादी कोकणी. सुकट भाजून, कांदा-मिरची घालून ज्वारीच्या भाकरीबरोबर खाणं, हे मराठवाडा-सोलापूरच्या गरिबाचं पिढीजात सी-फूड आहे. त्याला कोणी सी-फूड म्हणत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या दलितांचं स्वयंपाकघर पुस्तकात आणलं तेव्हा मी ते पुस्तक शाळेच्या कपाटात ठेवायला सुचवलं. "पाककृतीचं पुस्तक कशाला?" असं उत्तर आलं. स्वतःच्या पैशानं घेतलं. ते वाचताना सारखं वाटत होतं, आपलं कोण लिहिणार? माझ्याकडे फुफीची एक वही आहे, शंभर पानी, तेलाचे डाग पडलेली. फुफी चौथी शिकलेली. तिनं मराठीत लिहिलंय, मोडी वळणाच्या अक्षरात, मापं सगळी मुठीची आणि करवंटीची. पंचवीस-तीस पदार्थ असतील. त्यातले सात मला करता येतात, माझ्या मुलीला दोन. ही आकडेवारी मी कुठल्या अहवालातून आणलेली नाही, स्वयंपाकघरातली आहे, आणि मला ती कुठल्याही अहवालापेक्षा जास्त घाबरवते.

सुक्या बोंबलाच्या वासाबद्दलही लिहिणार होते, भाड्याच्या घरांबद्दल. आडनाव ऐकून एक दार बंद होतं, मासे ऐकून दुसरं. त्यावर पुन्हा कधीतरी स्वतंत्र लिहीन. आमचे सध्याचे घरमालक चांगले आहेत, मी बोंबील भाजते तेव्हा त्यांची सून वाटी घेऊन येते, सासूला न सांगता.

तर मेनूकार्ड. मी ते भाच्याला परत पाठवलं. 'मालवणी' शब्द खोडला आणि समासात तीन ओळी लिहिल्या. 'दाभोळच्या खाडीचे: कोळंबीचे मुटके. सरंग्याचं नारळाचं कालवण आणि पांढरं सांदण (फक्त शुक्रवारी). सुक्या जवळ्याची चटणी, तांदळाची भाकरी.' खाली टीप, 'जून-जुलैत मासा उजनीचा असेल, तसं सांगून वाढू.' तिसऱ्या मी मुद्दाम वगळल्या. कोंढव्यात हनफी गिऱ्हाईक जास्त, पहिल्याच दिवशी त्याच्या दारात मसलकाचा वाद नको. एवढी तडजोड मीही करते.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं, "खाला, छपाईवाला म्हणतो सहावं पान भरलं, जागा नाही. मंचुरियनचे तीन प्रकार काढले तर बसेल."

मी लिहिलं, काढ.

काल बहिणीचा फोन आला. त्यानं आचाऱ्याला सांगितलं तर आचारी, उत्तर प्रदेशचा, हसला म्हणे, मुटके हा काय प्रकार? आता बहीण पुण्याला जातेय, आचाऱ्याला शिकवायला. तिला गुडघेदुखी आहे, चार तास उभं राहवत नाही. मी सुट्टी टाकलीय शनिवारची. फुफीची वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेतलीय आणि बाजारातून अर्धा किलो सोडे.